भाड्याच्या घरावरील खर्च आणि प्राप्तिकर

भाड्याने दिलेल्या घरावर मालकाने केलेला खर्च भाड्याच्या उत्पन्नातून कधी आणि किती वजा करता येतो, हे ठरवणारे करनियम. बऱ्याच देशांत या नियमांचा गाभा एक आहे. घर आहे त्या स्थितीत राखण्यासाठी झालेला खर्च महसुली ठरतो आणि त्याच वर्षी वजा होतो. घरात भर घालणारा खर्च भांडवली ठरतो. तो घसाऱ्याच्या, म्हणजे झिजेपोटी मिळणाऱ्या वजावटीच्या, रूपाने वर्षानुवर्षे थोडाथोडा वजा होतो, किंवा घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात धरला जातो.

घरपट्टी, विमा, रंगकाम, गळका नळ यांवरून सहसा तंटा होत नाही. तंटा होतो तो मोठ्या कामांवरून. छपराची चार फुटकी कौले बदलणे ही दुरुस्ती. सगळे छप्पर उतरवून नवे चढवले, तर अमेरिकेत तो खर्च साधारणपणे भांडवली धरतात. तिथे २०१४ पासून लागू असलेल्या नियमांत तीन कसोट्या आहेत: मालमत्ता पूर्वीपेक्षा सरस झाली का, तिचा मोठा भाग नव्याने उभारला का, आणि ती वेगळ्या वापरासाठी बदलली का. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, की खर्च भांडवली. निवासी भाड्याच्या इमारतीचा घसारा तिथे २७.५ वर्षांत समान हप्त्यांनी मिळतो. म्हणजे २७,५०० डॉलरच्या छपरापोटी पूर्ण वर्षाला १,००० डॉलर. पैसे मात्र मालकाच्या खिशातून एकदमच गेलेले असतात. जमिनीवर घसारा नाही.

ब्रिटन इथे अधिक व्यवहारी वाटतो. एकेरी काचेच्या खिडक्यांजागी दुहेरी काचेच्या बसवल्या, तरी तिथले करखाते ती सहसा दुरुस्तीच मानते, कारण आज तशाच खिडक्या बसवण्याची रीत आहे. मोडकळीला आलेली मालमत्ता विकत घेऊन लगेच डागडुजी केली तर काय, हा प्रश्न तिथे एका जहाजाच्या खटल्यातून पुढे आला. १९२३ च्या ‘लॉ शिपिंग’ निकालानुसार, खरेदीपूर्वीच्या झिजेपोटी केलेली दुरुस्ती ही खरेदीच्या किमतीचाच भाग ठरली. पुढे ‘ओडियन’ चित्रपटगृहांच्या खटल्यात, मालमत्ता वापरण्याजोगी होती आणि रखडलेल्या दुरुस्तीमुळे किंमत उतरली नव्हती, म्हणून खर्च मान्य झाला. ऑस्ट्रेलियातही खरेदीच्या वेळी असलेल्या दोषांची दुरुस्ती भांडवलीच धरतात.

भारताची वाट अगदी निराळी. वार्षिक मूल्यातून, म्हणजे करासाठी धरलेल्या वर्षाच्या भाड्यातून, मालकाने भरलेली घरपट्टी वजा केल्यावर जे उरते, त्याच्या सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्षात रुपयाही खर्च केला नसला तरी मिळते आणि घर आतून पूर्ण उखडून दुरुस्त केले तरी तेवढीच. कर्जावरील व्याजाची वजावट वेगळी. या पद्धतीने पावत्यांची कटकट आणि वाद टळतात, हे खरे. पण जुन्या, ओल धरणाऱ्या इमारतीचा मालक आणि नव्या कोऱ्या सदनिकेचा मालक तिने एका पंक्तीला बसवले आहेत, आणि घर नीट राखणाऱ्याला त्याचा लाभ काहीच नाही. कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च विक्रीच्या वेळी भांडवली नफ्यातून वजा करता येतो, म्हणून त्या कामाची बिले घर विकेपर्यंत जपावी लागतात.

मालकाने स्वतः राबून भिंत रंगवली, तर अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रंगाचे पैसे वजा होतात. त्याच्या स्वतःच्या श्रमाचे मोल होत नाही.