गाठ डोक्यात, मग स्कॅन कमरेचा का?

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला ऐकलं होतं, तुमच्याकडे उलटंच दिसतंय," असं एक काका काउंटरवर म्हणाले. मुलीच्या पिट्यूटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीत, प्रोलॅक्टिनोमा नावाची गाठ, आणि डॉक्टरांची चिठ्ठी डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे तपासणीची. दादरच्या आमच्या सेंटरवर हा प्रश्न सारखा येतो, म्हणून हे पत्रक.

ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. पण ती प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) भरमसाट सोडते आणि त्यामुळे मेंदूकडून बीजांडकोशांना किंवा वृषणांना जाणारे निरोप दबतात. बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. हाडांची झीज आवरून धरतात ती हीच हार्मोन्स, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन. ती कमी पडली की हाड भरतं कमी, झिजतं जास्त. पहिला फटका मणक्यांना, कारण त्यांच्या आतलं हाड जाळीदार. दुखत काहीच नाही, म्हणून तर तिशीतल्या मुलीलाही आमच्याकडे पाठवतात. कॅबरगोलिन या औषधाने प्रोलॅक्टिन उतरलं, पाळी सुरळीत झाली की घनता सुधारते. गेलेलं सगळं भरून येतंच असं मात्र नाही.

आता आमचं गाऱ्हाणं. स्कॅनच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊन येऊ नका! फोनवर सांगतो, मेसेज करतो, तरी लोक घेऊन येतातच. न विरघळलेली गोळी पोटात नेमकी कमरेच्या मणक्यांसमोर येते. स्क्रीनवर शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, मशीन त्यालाही हाड समजतं आणि घनता आहे त्याहून जास्त दाखवतं. परवा पहाटेची लोकल धरून बदलापूरहून आलेल्या ताईंना परत पाठवावं लागलं. चिडल्या, चिडणारच. पण खोटा चांगला रिपोर्ट देऊन त्यांचे उपचार लांबवायचे का? पैसे आम्ही घेतले नाहीत. तेव्हा आधीचे 24 तास कॅल्शियम बंद. कॅबरगोलिन मात्र ठरलेल्या वारी घ्यायचीच.

बेरियमची तपासणी (बेरियम देऊन काढलेला पोटाचा एक्स-रे) नुकतीच झाली असेल तर आधी फोन करा. दिवस राहिल्याची शंका असेल तर सांगा. पाळी येत नाही म्हणजे राहणारच नाहीत असं धरू नका, औषध लागू पडल्यावर पहिल्या पाळीआधीही राहू शकतात.

रिपोर्टमधला टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) बघून तरुण मुली रडवेल्या होतात. पाळीच्या वयातल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघायचा असतो. तो उणे 2 किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या मानाने कमी. आम्ही तो वेगळ्या चौकटीत छापतो.

"दुसरीकडे स्वस्तात होतं," हेही ऐकतो. होत असेल. पण वेगवेगळ्या मशिनचे आकडे शेजारी ठेवून सुधारणा मोजता येत नाही. पहिला स्कॅन जिथे झाला तिथेच पुढचा करा, मग ते सेंटर आमचं नसलं तरी. आमच्याकडे झाला असेल तर जुना रिपोर्ट आम्ही काढून ठेवतो.

ऑफिसवाल्यांसाठी पहिली वेळ सकाळी 7:30 ची. धातूची चेन, हुक नसलेले सैल कपडे घाला. पंधरा-वीस मिनिटांत मोकळे व्हाल.