नेतृत्वबदल, मानसिक आरोग्य संस्थांमधील

मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचे अध्यक्ष, कार्यकारी विश्वस्त किंवा संचालक बदलणे आणि त्याबरोबर निर्णयाचे अधिकार, देणगीदार व सरकार यांच्याशी असलेले संबंध आणि संस्थेत येणाऱ्या कुटुंबांचा विश्वास नव्या व्यक्तीकडे जाणे, या प्रक्रियेला नेतृत्वबदल म्हणतात. पुण्यातल्या संस्थांमध्ये बोलताना ‘सूत्रे सोपवली’ किंवा ‘काम दुसऱ्या फळीकडे गेले’ असे म्हटले जाते. अधिकार एका ठरावाने जातात. विश्वास जायला फार वेळ लागतो, आणि या क्षेत्रात तोच उपचाराचा मोठा भाग असतो. रक्तपेढीचा अध्यक्ष बदलला तर रक्त नेणाऱ्याला त्याची खबरही नसते. पण ज्या बाईंपाशी एखाद्या आईने मुलाच्या आजाराबद्दल पहिल्यांदा तोंड उघडले, त्या बाई उद्यापासून येणार नाहीत हे तिला कोणीतरी समोर बसून सांगावे लागते. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याचा सांभाळ करणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रुळवले आहेत. पुढे तेच वापरले आहेत.

या क्षेत्रातल्या पुष्कळ संस्था एकाच व्यक्तीच्या वेदनेतून उभ्या राहिल्या. अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स यांनी स्वतः मनोरुग्णालयातले हाल सोसल्यावर १९०८ मध्ये मानसिक आरोग्यासाठी संघटन सुरू केले. त्या चळवळीची वारस असलेली जागतिक मानसिक आरोग्य महासंघ ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ पासून याच महासंघाने सुरू केला. महासंघाचे अध्यक्षपद ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे तिथे बदल हा नित्याचा भाग आहे. संस्थापककेंद्री संस्थेत तसे नसते. तिथे बदल बहुधा आजारपणाने, वार्धक्याने किंवा मृत्यूने येतो, आणि तयारीला सवड मिळतेच असे नाही.

पुण्यातले सर्वांत बोलके उदाहरण मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांनी व त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा आर्थिक आणि मानसिक आधार त्यामागे होता. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या. ज्या संस्थेत दाखल झालेला माणूस आधीच एकेका दिवसाच्या भरवशावर उभा असतो, तिथे असा धक्का पचवणे सोपे नव्हते. तरी काम थांबले नाही. अनिल अवचट, ज्यांना तिथे सगळे ‘बाबा’ म्हणत, सोबत राहिले. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सूत्रे घेतली, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी बाबा गेले तेव्हा संस्था त्यांच्याशिवाय चालायला केव्हाच शिकलेली होती. याचे श्रेय केवळ घराण्याला देणे अपुरे ठरेल. व्यसनातून बाहेर पडलेली अनेक माणसे तिथे कार्यकर्ते झाली, व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट उभा राहिला, पाठपुराव्याच्या बैठका आणि व्यसनमुक्तीचे वाढदिवस सुरू राहिले. आलेल्या माणसाला ओळखणारे चेहरे बरेच होते, म्हणून एक चेहरा गेल्यावर दार परके झाले नाही.

स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही पुण्यातली संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक. घरात स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे अध्यक्ष झालेले अमृत बक्षी हेही शुभंकरच. इथे नेतृत्व डॉक्टरांकडून डॉक्टरांकडे न जाता शुभंकराकडून शुभंकराकडे गेले, आणि गटात बोलणाऱ्या पालकांना समोरचा माणूस आपल्यातलाच वाटत राहिला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर काम करणाऱ्या संस्थेत हा प्रश्न आणखी अवघड होतो. पुण्यात १९९९ मध्ये बापू ट्रस्ट स्थापन करणाऱ्या भार्गवी दावर यांनी मनोसामाजिक अपंगत्व (मानसिक त्रास आणि समाजाची वागणूक यांमुळे येणारे अपंगत्व) अनुभवणाऱ्यांचे हक्क हा विषय लावून धरला. आशियातून सुरू होऊन इतर खंडांत पोचलेल्या ‘ट्रान्सफॉर्मिंग कम्युनिटीज फॉर इन्क्लूजन’ या जाळ्याचे नेतृत्व त्यांनी केले. अशा व्यक्तींना समाजात सामावून घेण्याविषयीचा २०१८ चा बाली जाहीरनामा याच जाळ्याने मांडला. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा माणसाच्या जागी कोण, हे केवळ पात्रतेच्या यादीने ठरत नाही. स्वतः आजार अनुभवलेली व्यक्तीच प्रमुख असावी का, हा या चळवळीतला खरा प्रश्न आहे, आणि ‘आमच्याविषयी जे काही, ते आमच्याशिवाय नाही’ ही अपंगहक्क चळवळीची मागणी मानायची तर उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असेच द्यावे लागते.

कायदेशीर बाजू तुलनेने सरळ, पण चिवट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, नवी नावे चढेपर्यंत बँक सह्या बदलायला कुरकुर करते. कुणी हरकत घेतली तर प्रकरण लांबते आणि पगार अडकायची वेळ येते. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयालाही बदल कळवावा लागतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थांना पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते बंधनकारक आहे. शुभार्थींची कागदपत्रे मात्र जाणाऱ्या संचालकाबरोबर जात नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने त्यांना गोपनीयतेचा हक्क दिला आहे, त्यामुळे निरोप समारंभात सुद्धा एखाद्याची कहाणी त्याला न विचारता सांगता येत नाही.

खांदेपालटाच्या निमित्ताने संस्थेची घटना कपाटातून बाहेर निघते. जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या अनेक घटनापत्रकांत पद रिकामे होण्याच्या कारणांमध्ये मृत्यू, राजीनामा, दिवाळखोरी यांच्या शेजारी ‘वेड लागल्यास’ हे शब्द आजही आढळतात. मानसिक आरोग्याच्या संस्थेत हे वाचताना वाईट वाटते. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांनाही, सक्षम न्यायालयाने विकल मनाची (कायद्याच्या भाषेत ‘अनसाउंड माइंड’) ठरवलेली व्यक्ती संचालक नेमता येत नाही. तथापि २०१७ च्या अधिनियमाचे कलम ३ स्पष्ट सांगते की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून, न्यायालयाने तसे जाहीर केल्याखेरीज, कोणीही विकल मनाचे ठरत नाही. गोळ्या नियमित घेणारा, गटात दहा वर्षे बसलेला शुभार्थी विश्वस्त व्हायला कायद्याची आडकाठी नाही. ‘वेड लागल्यास’ हे शब्द खोडण्याचा ठराव नव्या विश्वस्तांच्या नेमणुकीच्या सभेतच मांडता येतो.