बोटीवरचं जेवण आणि कमरबंदाची वारी

साताऱ्याहून सहकुटुंब क्रूझला निघालेल्या आमच्या काकांच्या घरी महिनाभर एकच विषय चालला होता. माहितीपत्रकात सात रात्रींपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’, म्हणजे नटूनथटून जेवायला यायच्या, म्हणून छापल्या होत्या. मोती चौकात सुटाचं कापड बघून झालं, काकूंच्या पैठणीला फॉल-बिडिंग झालं, तरी काकांचा हेका कायम: “जेवायलाच जायचंय ना? का माझं परत लग्न लावताय?”

खरं तर जेवणासाठी वेगळं नेसणं आपल्याला नवीन नाही. सोवळं पाळणाऱ्या घरांतून आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत पुरुष कद किंवा मुकटा नेसूनच पानावर बसत. फरक एवढाच, की आपल्याकडं जेवायला कपडे उतरवायचे आणि साहेबाकडं चढवायचे.

साहेबाचं हे चढवणं एकोणिसाव्या शतकात फारच वाढलं होतं. विलायतेतल्या बड्या घरांत रात्री जेवताना मागं शेपटं असलेला काळा कोट आणि पांढरा बो, हा ठरलेला वेष. त्याला पहिली कात्री लावली ती खुद्द युवराजानं. पुढं सातवा एडवर्ड झालेल्या या गृहस्थानं १८६५ मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीकडून बिनशेपटाचा, आखूड, निळा रेशमी कोट शिवून घेतला. सँड्रिंगहॅमच्या वाड्यावर आपल्याच माणसांत मोकळेपणानं जेवता यावं, एवढाच हेतू. पुढं त्याचा रंग काळा झाला आणि तो ‘डिनर जॅकेट’ म्हणून रुळला. अमेरिकेत १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमधल्या श्रीमंतांनी तो उचलला, म्हणून तिकडं त्याचं नाव टक्सीडो. म्हणजे आज ज्याच्या नुसत्या नावानं काका घाबरतात, तो मुळात घरगुती कोट!

बोटीवर हा रिवाज घट्ट झाला त्याला कारणं होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-विलायत वाट जवळ आली, तरी आठवडेच्या आठवडे पाण्यावर काढावे लागतच. पहिल्या वर्गातल्यांना दिवसभर दुसरं काम नसे. रात्रीचं जेवण हाच मोठा कार्यक्रम, आणि पहिला वर्ग कुठं संपतो हे दाखवायला कपडे सोयीचे. सामान बांधायचं तेही याच हिशोबानं. खोलीत लागणाऱ्या ट्रंका वेगळ्या आणि ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी लावून तळात टाकायच्या वेगळ्या. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असत. म्हणून या दोन रात्री साध्या कपड्यांत जेवायची मुभा असे.

आपण सर्रास वापरतो तो ‘पॉश’ शब्द याच बोटींवरून आला, असं हौसेनं सांगतात. विलायतेहून इकडं येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे सावलीतली खोली घेणाऱ्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं मारत म्हणे. गोष्ट झकास आहे, पण तसं तिकीट कुणाला सापडलेलं नाही.

मला यातला सगळ्यात आवडतो तो कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात कोटाच्या आत जाकीट घालून जेवणं गोऱ्या अधिकाऱ्यांना नको झालं. इथल्या लोकांच्या कमरेचा पट्टा त्यांनी पाहिला होताच. जाकिटाऐवजी तो बांधला, नावही फारसीतलंच ठेवलं आणि इंग्रजीत त्याचं ‘कमरबंड’ झालं. पुढं लाल समुद्राचं नाव मिळालेला एक वेषच रूढ झाला: कोट काढायचा, पांढरा शर्ट, काळी विजार आणि कमरेला तो पट्टा. आपल्याकडं अंगरख्यावर शेला कसत, तो आठवावा. आज हाच पट्टा काकांना भाड्याच्या सुटाबरोबर वेगळे पैसे मोजून मिळतो.

सातारकरांना विलायतेची वाट तशी जुनी. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तिथं सुमारे चौदा वर्षं झगडले. तेव्हा डिनर जॅकेट जन्मालाही आलं नव्हतं. १८८८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघालेल्या तरुण गांधींना मात्र कपड्यांचा घोळ चुकला नाही. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि उतरायला म्हणून पांढरा फ्लॅनेलचा जपून ठेवला. विलायतेत उतरून बघतात तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. काट्या-चमच्यांच्या धास्तीनं ते जेवणघरातही जात नसत. घरून आणलेल्या मिठाई-फळांवर खोलीतच भागवत.

१९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि बोटीनं कुठं पोचायचं, हा प्रश्नच संपला. बोटी मग सहलीच्या झाल्या. १९७२ मध्ये निघालेल्या कार्निव्हल या क्रूझ कंपनीनं पोराबाळांसकट मजा करायला या, असा सूर लावला. ‘नॉर्वेजियन’ नावाच्या कंपनीनं २००० मध्ये ठरावीक वेळ आणि ठरावीक पोशाख, दोन्ही मोडीत काढले. क्यूनार्ड ही जुनी बोट कंपनी मात्र अजून नटूनथटून जेवायच्या ‘गाला’ रात्री टिकवून आहे. बाकीच्या बहुतेक बोटींवर फॉर्मल म्हणजे स्वच्छ, लग्नाला जाण्याजोगे कपडे. पैठणी त्यात सहज बसते आणि बंद गळ्याचा कोटही. बारा वर्षांच्या नातवाला सूट शिवणं तर निव्वळ वाया, दिवाळीपर्यंत तो आखूड होणार. ज्याला हे काहीच नको, त्याला वरच्या मजल्यावरचा बुफे चालू असतोच.

शेवटी काकांनी पुतण्याच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट इस्त्रीला टाकला. ट्रंकांचा काळ गेला, तरी पहिली रात्र बहुतेक बोटींवर अजून साधीच असते. बंदरावर दिलेल्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून काकूंनी सगळ्यांचा एकेक जोड आणि गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत भरलाय.