बॅरियर की बॅरेज? आधी विचारा, दार एरवी उघडं की बंद

२०२४च्या ऑगस्टात बडोद्यातली विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फूट. समा भागात मावशीच्या स्वयंपाकघरात फ्रिज आडवा तरंगत होता, आणि भिंतीवरची चिखलाची रेघ रंग दिल्यावरही अजून पुसट दिसते. म्हणून परवा दांडिया बाजारात शेजारच्या काकांनी इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटरच्या बॅरियरचं चित्र मोबाइलवर दाखवून "नर्मदेच्या मुखाशी भाडभूतला हेच तर चाललंय, मग बडोद्यात का नको?" असं विचारलं, तेव्हा हसू आलं नाही.

चित्रात ब्रिजवॉटरचं बॅरियर आणि भाडभूतचं बॅरेज दोन्ही सारखीच दिसतात: मुखाकडे नदीला आडवे खांब, मध्ये दरवाजे.

बॅरियर म्हणजे उधाणापुरतं लावायचं दार. १९५३च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्रातल्या वादळाने पाणी चढलं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. त्यातून पुढे लंडनचा थेम्स बॅरियर उभा राहिला. १९८२पासून तो वापरात आहे. ५२० मीटर रुंदी, १० दरवाजे. मोठे दरवाजे एरवी नदीच्या तळाशी निजलेले असतात आणि वरून जहाजं जातात. इशारा आला की ओहोटी सरता सरताच ते उभे करतात, म्हणजे वरच्या अंगाला नदीचं स्वतःचं पाणी साठायला रिकामी जागा उरते. एवढ्या वर्षांत असं दोनशेहून थोड्या जास्त वेळा करावं लागलं आहे. बाकी दिवस भरती-ओहोटी आपली चालू. कोकणातल्या खारबांधाची उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारी झडप, पाहिली असेल त्याला ही कल्पना नवी वाटणार नाही.

बॅरेजचं दार बहुतेक वर्षभर बंद असतं. भाडभूतला नर्मदेवर ९० दरवाज्यांचं बॅरेज. भूमिपूजन ऑक्टोबर २०१७मध्ये झालं. खंभातच्या आखातात भरती १० मीटरच्या घरात चढते. नदीला वरून पाणी कमी आलं की ही भरती भरूचच्याही वर शिरते आणि काठचं पाणी मचूळ होतं. ते खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि मागे गोडं साठवायचं, हा मुख्य हेतू. काठाला पूरसंरक्षक बांधही त्याच योजनेत आहेत. काकांचा गोंधळ बहुधा तिथूनच.

सरकारी मंजुरीही म्हणूनच वेगवेगळ्या प्रश्नांवर अडते. इंग्लंडमध्ये बॅरियरला पहिला प्रश्न जहाजांचा, कारण भरतीच्या नदीत नाव हाकण्याचा हक्क सगळ्यांचा. थेम्ससाठी १९७२मध्ये पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. पॅरेट नदीवरच्या ब्रिजवॉटरला २०२२मध्ये मंत्र्यांच्या आदेशावर मंजुरी मिळाली, कारण मधल्या काळात १९९२च्या कायद्याने ती सोय केली होती.

भाडभूतसारख्या कामाला आपल्याकडे २००६च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते आणि किनारा नियमनाची वेगळी. या दुसरीत एक गंमत आहे. नदीत किनाऱ्याचे नियम कुठवर लागू, हे पाण्याच्या खारटपणावरून ठरतं: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात हजार भागांत ५ भाग मीठ असेल तिथवर. आणि बॅरेजचं कामच मुळी ती रेघ हलवण्याचं! उघड्या बॅरियरने ती जागची हलत नाही. पावसाळ्यात समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणाऱ्या हिलसा माशाला मात्र ही रेघ हवी असते, आणि काठच्या मच्छीमारांचा विरोधही त्यासाठीच होता. माझ्या मते मंजुरीच्या कागदांत सर्वांत बारकाईने वाचावं ते हेच पान.

"मग आपल्याला दोन्हींतलं कोणतं?" काकांनी विचारलं.

"एकही नाही, काका. समुद्राचं पाणी आपल्यापर्यंत येतच नाही. आपलं येतं पावागढाकडून नि आजव्याच्या तलावातून, आणि जातं ढाढर नदीला. दार खाली लावून वरचं पाणी कसं थांबेल?"

काकांनी मोबाइल खिशात टाकला. "मग आजव्याचे दरवाजे कधी उघडतात, ते सांग," म्हणाले.