पार्श्वभूमी : मारोझान, रेनमधली ४५ मिनिटं आणि जर्मनीचा 'दहा नंबर'

जर्मनीची फुटबॉलपटू जेनिफर मारोझान हिच्या कारकिर्दीचा हिशेब दोन वह्यांत ठेवावा लागतो. क्लबच्या वहीत युरोपच्या चॅम्पियन्स लीगची सहा विजेतेपदं आहेत, एक जर्मनीच्या फ्रँकफर्टकडून आणि पाच फ्रान्सच्या ल्योंकडून. राष्ट्रीय संघाच्या वहीत ११२ सामने आणि ३३ गोल आहेत, २०१३ चा युरो (युरोपची राष्ट्रीय संघांची स्पर्धा) आणि २०१६ चं ऑलिंपिक सुवर्णही आहे. पण वाद होतो तो याच वहीवरून. जर्मनीच्या महिला संघाला 'दहा नंबर', म्हणजे आघाडीच्या मागे मोकळी फिरून खेळ रचणारी खेळाडू, हवा की नको, हा प्रश्न निघाला की गाडी फिरून फिरून २०१९ च्या उन्हाळ्यातल्या विश्वचषकावरच येते.

तिचा जन्म १९९२ चा, बुडापेस्टचा. नावाचं स्पेलिंग हंगेरियन वळणाचं असल्यामुळे आपल्याकडे ते नाना तऱ्हांनी छापून येतं. 'ज' आणि 'झ' नीट पकडले तरी पुरे. वडील हंगेरीचे फुटबॉलपटू. ते जारब्रुकनच्या क्लबकडे आले आणि मागोमाग कुटुंबही जर्मनीत आलं. त्याच शहराच्या क्लबकडून २००७ मध्ये, वयाची १५ वर्षं आणि चार महिने झाले असताना, ती महिला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, उतरली. तोवर एवढ्या लहान वयात त्या लीगमध्ये कोणी खेळलं नव्हतं. २००९ मध्ये ती फ्रँकफर्टला गेली. २०१२ मध्ये जपानला झालेल्या २० वर्षांखालील विश्वचषकात अंतिम सामना जर्मनी हरली, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० ही पंधरा वर्षं महिला फुटबॉलवर असलेली बंदी, १९८२ चा पहिला आंतरराष्ट्रीय सामना, २००३ आणि २००७ चे जिंकलेले विश्वचषक हे सगळं बहुतेकांना माहीत आहे. इथे एवढंच लक्षात घ्यायचं की मारोझान आली ती जिंकायची सवय लागलेल्या संघात. १९९५ पासून २०१३ पर्यंत सलग सहा युरो त्यांनी घेतले, आणि २००७ चा विश्वचषक तर एकही गोल न खाता. त्या संघांचा जोर शिस्तीवर, धावण्यावर आणि हवेतल्या चेंडूवर असे. चेंडू पायाशी थांबवून, मान वर करून, कुणालाही न दिसलेला पास देणारी मुलगी तिथे जरा वेगळीच दिसायची.

जर्मन बोलीत मधल्या फळीतल्या जागा आकड्यांनीच ओळखतात. बचावापुढे उभी राहते ती 'झेक्सर' म्हणजे सहा. दोन्हीकडे धावते ती 'आख्टर' म्हणजे आठ. आघाडीच्या मागे मोकळी फिरते ती 'त्सेनर' म्हणजे दहा. गोंधळ असा की हे आकडे पाठीवरचेही असतात आणि कामाचेही. मारोझानच्या पाठीवर दहाच असे, पण ल्योंच्या तिघींच्या मधल्या फळीत तिचं काम बऱ्याचदा आठचं होतं. 'तिच्याशिवाय दहा नंबर नाही' असं जेव्हा म्हणतात तेव्हा जर्सी, जागा की ती स्वतः, यातलं नेमकं काय म्हणायचं असतं हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तरी तिच्यामुळे सामने फिरले हे खरंच. २०१३ च्या युरोत उपांत्य सामन्यात यजमान स्वीडनविरुद्धचा एकमेव गोल तिचा. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये रिओला माराकाना मैदानावरच्या अंतिम सामन्यात पुन्हा स्वीडनच समोर होतं. उत्तरार्ध सुरू होताच तिने गोल केला. पुढे तिची फ्री किक खांबाला लागून परतली आणि स्वीडनच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेली. निकाल २-१. त्याच वर्षी ती ल्योंला गेली. २०१७ च्या युरोत कर्णधारपद तिच्याकडे होतं, पण पावसाने एक दिवस पुढे गेलेल्या रॉटरडॅमच्या उपांत्यपूर्व सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला १-२ हरवलं आणि युरोंची साखळी तुटली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. खेळ थांबला, पण काही महिन्यांत ती परतलीही. मे २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत बुडापेस्टलाच होती. जन्मगावात, पाचव्या मिनिटाला, बार्सिलोनाविरुद्धचा पहिला गोल तिने केला. ल्यों ४-१ ने जिंकली.

या बहरात ती विश्वचषकासाठी फ्रान्सला गेली. ८ जूनला रेनमध्ये चीनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात तिच्या डाव्या पायाचं बोट मोडलं. जर्मनी १-० ने जिंकली. त्यानंतर तिच्याविना स्पेनला १-०, दक्षिण आफ्रिकेला ४-० आणि नायजेरियाला ३-० असं हरवलं. चार सामने, चार विजय, एकही गोल खाल्ला नाही. २९ जूनला उपांत्यपूर्व फेरी, मैदान पुन्हा रेनचं आणि समोर स्वीडन. ती खेळण्याइतपत बरी झाली होती, पण प्रशिक्षकांनी तिला सुरुवातीला राखीव बाकावर ठेवलं.

सोळाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला, बाविसाव्या मिनिटाला स्वीडनने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर मारोझान मैदानात आली आणि ४८ व्या मिनिटाला स्वीडनचा दुसरा गोल झाला. तिच्या पायाला चेंडू नीट लागायच्या आतच संघ मागे पडला होता. उरलेल्या वेळात बरोबरी झाली नाही. मोठ्या स्पर्धेत स्वीडनने जर्मनीला हरवलं ते १९९५ नंतर प्रथमच. युरोपातून ऑलिंपिकला जाणारे संघ याच विश्वचषकातून ठरणार असल्यामुळे रिओचे विजेते टोकियोला गेलेच नाहीत.

वाद तेव्हापासूनचा. एक बाजू म्हणते, ती अर्धा सामना खेळू शकत होती तर पहिलाच अर्धा का नाही? पुढे असताना चेंडू आपल्याकडे ठेवण्याचं तिचं काम कामी आलं असतं, पिछाडीवर घाईत नव्हे. दुसरी बाजू म्हणते, तीन आठवडे न खेळलेल्या, मोडक्या बोटाच्या खेळाडूला पहिल्या मिनिटापासून उतरवणं म्हणजे एक बदल आधीच खर्च करून ठेवणं. शिवाय तिच्याविना बसलेली घडी मोडायची कशाला? पहिल्या बाजूचं म्हणणं ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. बरोबरीचा गोल झाला तो मधल्या फळीत सर्जनशीलता कमी पडली म्हणून नव्हे. मागच्या फळीच्या पाठीमागे पडलेल्या लांब चेंडूवर झाला. तिथे दहा नंबर काय करणार होती? प्रशिक्षकांना दोष द्यायचाच तर तो मध्यंतराबद्दल द्यावा. संघ डळमळत असताना त्यांनी घडीही बदलली आणि सगळा भार एका दुखऱ्या पायावर टाकला. तिला साठाव्या मिनिटाला आणलं असतं तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं; हे 'कदाचित' मात्र दोन्ही बाजूंना सारखंच उपलब्ध आहे.

पुढचं लवकर सांगून होतं. २०२१ मध्ये काही महिने ती अमेरिकेत उसनवारीवर खेळली. एप्रिल २०२२ मध्ये सर्बियात विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात जर्मनी २-३ ने हरली आणि त्याच सामन्यात तिच्या गुडघ्याला स्थिर ठेवणारा क्रूशिएट लिगामेंट फाटला. त्या उन्हाळ्यात तिच्याविना संघ युरोच्या अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानापर्यंत पोचला, ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडशी जादा वेळेपर्यंत लढला आणि १-२ ने हरला. दहा नंबर नको म्हणणारे अंतिम फेरी दाखवतात, हवा म्हणणारे निकाल.

पुनरागमन झालं, पण राष्ट्रीय संघात फार काळ नाही. ११ एप्रिल २०२३ ला न्यूर्नबर्गमध्ये ब्राझीलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ती जर्मनीची जर्सी घालून शेवटची खेळली. रॉटरडॅम, रेन आणि वेम्ब्लीसारखाच याही सामन्याचा निकाल १-२ लागला.