हाताचा लसीकाशोफ

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर त्या बाजूच्या हातावर, कधी छातीच्या किंवा पाठीच्या कडेलाही, येणारी चिवट सूज. दवाखान्यात हिला ‘लिंफिडीमा’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ओसरणारी सूज वेगळी. ही बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होते. क्वचित दहा वर्षे उलटल्यावरही डोके वर काढते.

हातातील लसीका, म्हणजे ऊतींमधून गोळा होणारा पातळ द्रव, काखेतील ग्रंथींतून गाळली जाऊन रक्ताकडे परतते. ग्रंथी काढल्या किंवा किरणोपचारांनी तेथील ऊती घट्ट झाल्या की ही वाट तुंबते. साचते ते नुसते पाणी नव्हे. त्यात प्रथिने असतात आणि ती तिथेच राहिल्याने दाह, तंतू व चरबी वाढत जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या इथे कामी येत नाहीत त्या यामुळेच. त्या पाणी काढतात, प्रथिने मागे राहतात.

अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्ये या सुजेला ‘शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग’ म्हटले. स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकणारी, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया तेव्हा सर्वत्र रूढ होती. आता शक्य तिथे कर्करोग प्रथम पोहोचू शकेल अशा मोजक्याच ग्रंथी काढून तपासतात. २०१३ मधील एका एकत्रित विश्लेषणात अशा रुग्णांपैकी सुमारे ६ टक्क्यांना, तर काखेतील ग्रंथी सरसकट काढलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांना ही सूज आल्याचे दिसले. लठ्ठपणाने धोका वाढतो.

सूज दिसण्याआधी ती जाणवते. हात जड वाटतो, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुततो. सुरुवातीला बोटाने दाबल्यास खळगा पडतो आणि हात उंच ठेवल्यावर सूज उतरते. पुढे त्वचा जाड व कडक होते. दोन हातांच्या घेरात २ सेंमी. किंवा आकारमानात १० टक्के फरक ही निदानाची रूढ मर्यादा आहे. मात्र कामाचा हात मुळातच थोडा मोठा असतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे माप नोंदलेले असणे फार मोलाचे.

हातातली प्रत्येक अस्वस्थता सुजेची नसते. दंडाच्या आतल्या बाजूचा बधिरपणा काखेतील चेता (मज्जातंतू) दुखावल्याने येतो. कधी त्वचेखाली काखेतून कोपराकडे ताणलेल्या, दोरीसारख्या कडक रेषा चाचपताना जाणवतात, त्यांवर हळूहळू ताण देणारे व्यायाम करतात. बहुतेक वेळा त्या काही महिन्यांत विरतात.

उपचारांचा कणा म्हणजे दाब. पहिले दोन ते चार आठवडे हातावर अनेक थरांच्या, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या बांधतात. स्नायू आकुंचन पावताना या ताठ भिंतीवर दाबले जातात आणि लसीका पुढे सरकते. हात उतरला की मापाची दाबाची बाही येते. ती साधारणपणे दिवसा घालतात, रात्री काढतात आणि सैल पडते म्हणून सुमारे सहा महिन्यांनी बदलतात. पंजा सुजत असेल तर हातमोजाही लागतो, नाहीतर सूज बोटांत उतरते. जोडीला डॅनिश उपचारक एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली हलकी मालिश असते. तिच्यात त्वचा फक्त ताणायची असते. जोराने रगडणे चूक.

रुग्णांना वर्षानुवर्षे ‘हात जपा, ओझे उचलू नका’ असे सांगितले गेले. तो सल्ला अतिरेकी होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग घटले. त्या हातावर रक्तदाब मोजणे, रक्त काढणे किंवा विमानप्रवास यांचा धाक बाळगण्याइतका पुरावाही मिळालेला नाही, तरी दुसरा हात उपलब्ध असल्यास तोच वापरण्याची पद्धत आहे.

त्वचेची काळजी मात्र खरीच गरजेची. साध्या खरचटण्यातूनही जंतू शिरून हात लाल, गरम होतो, ताप येतो; अशा वेळी प्रतिजैविके लगेच लागतात. लसीकावाहिनी शिरेला जोडणे, ग्रंथी दुसरीकडून आणून बसवणे, जुनी चरबी शोषून काढणे या शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत करतात. चरबी काढल्यानंतर बाही कायमचीच घालावी लागते.

अचानक वाढलेली, दुखरी सूज रक्ताच्या गुठळीची किंवा काखेत परतलेल्या कर्करोगाची असू शकते. तिची तपासणी झाल्याशिवाय पट्टी बांधत नाहीत.