सतरा फायली, एक स्मरणिका

आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी सतरा लेख आले. कुणी मंगल फॉन्ट वापरलेला, कुणी कोकिळा. दोन लेख तेलुगू, एक कन्नड. सोलापुरात हे असंच असणार. सगळे एका वर्ड फाइलमध्ये चिकटवले, तर एका लेखाचं ठसठशीत तांबडं शीर्षक बारीक निळं होऊन बसलं.

वर्डची आताची (.docx) फाइल म्हणजे एक झिप गठ्ठा असतो. तिची प्रत काढून नावाचं शेपूट 'झिप' असं बदलून उघडा, आत पुष्कळ छोट्या फायली दिसतील. एकीत मजकूर, दुसरीत स्टाइल्स, म्हणजे मजकूर दिसायचा कसा याचे नियम. मजकुरात फक्त 'हे हेडिंग १' एवढीच खूण असते. हेडिंग १ दिसायचं कसं, ते स्टाइल्सच्या फाइलमध्ये. चादरीच्या मागावर काम केलेल्याला हे लगेच कळेल. नक्षी सुतात नसते, मागावरच्या जकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या कार्डांत असते. तेच सूत दुसऱ्या मागावर चढवलं की त्या मागाची नक्षी उमटते. तसंच दोन्ही फायलींत एकाच नावाची स्टाइल असली, की वर्ड सहसा ज्या फाइलमध्ये चिकटवलं तिचं रूप धरतो. पण लेखकानं शीर्षक निवडून हातानं ठळक, मोठं केलं असेल, तर ती खूण मजकुराला चिकटूनच येते आणि स्टाइल बदलली तरी हटत नाही. अशा वेळी परिच्छेद निवडून कंट्रोल-स्पेस दाबावं.

पानाच्या आकाराचं, समासाचं गणित वेगळं. ते सेक्शनच्या, म्हणजे फाइलच्या त्या भागाच्या, शेवटी नोंदलेलं असतं. म्हणून आडव्या पानांचा लेख जोडण्याआधी त्याच्या शेवटी सेक्शन ब्रेक टाकावा, नाहीतर त्यातले तक्ते उभ्या पानात कोंबले जातात.

खरी दमछाक झाली जुन्या फॉन्टांतल्या लेखांनी. फॉन्ट बदलून मंगल केला, तर पानभर रोमन अक्षरांचा कचरा! कारण त्या फायलींत मराठी अक्षरं नव्हतीच. साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे, फॉन्ट फक्त त्यांवर देवनागरी आकार रंगवत होता. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, ०९०० ते ०९७एफ (ही मोजणी दहाऐवजी सोळाच्या पटीत चालते). 'क' कुठल्याही फॉन्टमध्ये ०९१५च राहतो. त्यामुळे असे लेख आधी कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुने संकेत युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून, काढावे लागतात, चिकटवायचं नंतर.

कन्व्हर्टरवरही डोळे झाकून विसंबू नये. जुने फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमानं चालत: 'सि' लिहायला ऱ्हस्व वेलांटी आधी, मग 'स'. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो: आधी 'स', मग वेलांटी. रफाराचं उलट. 'धर्म'मध्ये तो पूर्वी 'म'नंतर टाइप व्हायचा, आता 'र' 'म'च्या आधी साठवला जातो. ही अदलाबदल कन्व्हर्टर करतो, पण जोडाक्षर आलं की कधी कधी चुकतो. आम्ही ते लेख छापील प्रतीशी ताडून ओळ न् ओळ वाचले. चौदाव्या लेखातला 'सिद्धेश्वर' तेव्हा कुठे सरळ उमटला.